पंगतीतला वर केलेला हात

"त्या पंगतीत हात वर करणारा मुडदा कोण होता हो?"

हा प्रश्न कानावर पडला तेव्हा गजानन सावे सिल्वासाच्या बस स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये, जिन्याखाली स्टुलावर चढून मीटरचे आकडे वाचत होता. प्रश्न त्याला विचारलेला नव्हता, काउंटरवरच्या मॅनेजरला विचारलेला होता. पण चौदा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो दुसऱ्याला विचारला म्हणून गप्प बसायचं थोडंच असतं. गजानन आकडे विसरला, स्टुलावरून खाली उतरला आणि पेटलेली टॉर्च तशीच हातात धरून म्हणाला, "मीच तो."

विचारणारा पंचविशीचा तरुण होता. नाव अनिकेत, मुक्काम मुंबई, काखेत एक फुगलेली फाइल. 'मुडद्यांची पंगत' या पिक्चरचा दुसरा भाग निघतोय आणि आपण त्याचे असिस्टंट डायरेक्टर आहोत असं त्याने सांगितलं. तो मुडद्यांना झोंबी म्हणत होता. आमच्या वेळेला मुडदेच म्हणायचे, असं गजाननने त्याला तिथल्या तिथे सुनावलं. मग टॉर्च विझवून हळूच विचारलं, "जुन्या पिक्चरचं शेवटचं रीळ आहे ना तुमच्याकडे?"

या एका प्रश्नासाठी गजाननचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याचं कारण सांगायचं तर एक्क्याऐंशी सालच्या डिसेंबरात जायला हवं.

तेव्हा गजानन डहाणूकडून नोकरीसाठी येऊन वीजखात्यात नुकताच मीटर रीडर म्हणून कायम झाला होता. सरकारी क्वार्टर्समध्ये दोन खोल्या, बायको सुमन, अडीच वर्षांची जुई. रांध्याच्या रस्त्याला मुंबईची एक कंपनी पिक्चर काढायला आली. गोष्ट अशी की, एक पाटील लेकीच्या लग्नात गावाला जेवण घालतो, पण पूर्वजांचं पान वाढायला विसरतो. मग स्मशानातून सगळे मुडदे उठतात आणि रस्त्यावरच पंगत मांडून बसतात. मुडदे व्हायला आजूबाजूच्या पाड्यांवरचं कुणीही तयार होईना. जित्या माणसाने मढ्याचं सोंग घेऊ नये, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मग कंपनीवाल्यांनी क्वार्टर्समधले कारकून, शिक्षक, नर्सबाया असे तीस जण गोळा केले. सरकारी माणसांना असल्या गोष्टीचं वावडं नसतं, आणि रविवार होता.

तोंडाला राख आणि तांदळाचं पीठ, डोळ्यांखाली काजळ. भर दुपारी कॅमेऱ्याला निळी काच लावून त्यांनी रात्र केली. बायकांची पंगत वेगळी असते असं शैलजाबाई म्हणाल्या, त्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. तेव्हा डायरेक्टर म्हणाला की मेल्यावर कसली वेगळी पंगत, बसा नवऱ्याशेजारी. म्हणून सुमन गजाननच्या पलीकडच्या पानावर बसली. अंगावर सासूचं विटलेलं जांभळं पातळ, कारण चांगलं लुगडं धुळीत लोळवायला ती तयार नव्हती.

कॅमेरा पंगतीच्या टोकाला, जमिनीलगत. सगळ्यांनी हात पुढे करून नुसतं बसायचं होतं. पण सुमनला हसू आवरेना. शेजारी पीठ फासलेला नवरा, समोर पीठ फासलेले हेडक्लार्क, आणि चिमाबाई आयाच्या कडेवर बसलेली जुई आईला बघून भोकाड पसरतेय. सहा वेळा कॅमेरा थांबला. सातव्या वेळेला डायरेक्टर कंटाळला आणि म्हणाला, हसू द्या तिला, विनोदी पिक्चर आहे. त्याच वेळी गजाननच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. वाढप्याला जिलेबी घेऊन बोलावतात तसा त्याने हात सरळ वर केला, पाची बोटं पसरून. सगळे फिस्सकन हसले. तेच चित्र जागच्या जागी थिजवून त्यांनी पिक्चर संपवला.

वापीला मराठी पिक्चर सहसा लागत नसे, पण इथलं शूटिंग म्हणून आठवडाभर लागला. गजानन सुमनला घेऊन गेला. शेवटी पडद्यावर हात वर झाला तेव्हा सगळं टॉकीज हसलं, शिट्ट्या आल्या. गजानन आपल्या त्या हाताकडे डोळे भरून बघत राहिला. परत येताना बसमध्ये सुमन म्हणाली, "मी काय दिसले नाय."

"दिसलीस ना," गजानन म्हणाला. "तुझं लक्ष नसेल."

"असेल," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर गजाननचं नावच बदललं. पानवाला, चहावाला, टपालवाला, जो भेटेल तो पाची बोटं पसरून हात वर करायचा, आणि गजाननही खुशीत हात वर करायचा. मीटर वाचायला गेला तर बायका आतून म्हणायच्या, मुडदेभाऊ आले. सगळं गाव हात वर करायचं, सुमन मात्र चुकूनही करायची नाही. तिला अशा गोष्टींची लाज वाटते, असा गजाननने आपला समज करून घेतला होता.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात सुमनला कावीळ झाली आणि बारा दिवसांत ती गेली. जुई पाच वर्षांची होती. मागे राहिला तो लग्नातला एक फोटो, त्यात मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घातलेली, चेहरा दगडाचा केलेली एक मुलगी. ती सुमन नव्हतीच. सुमन म्हणजे हसणं. घरात भांडं पडलं तरी तिला हसू यायचं. जुई मोठी होत गेली तशी विचारायला लागली की आई कशी होती, आणि गजाननला सांगता येईना. तेव्हा त्याला आठवलं की आपल्या बायकोचं हसणं जगात एकाच ठिकाणी शिल्लक आहे, त्या पिक्चरच्या शेवटच्या रिळात. नशिबाची थट्टा अशी की तिथे ती मेलेली होती.

त्याने वापी, दमण, बलसाड, सगळ्या व्हिडिओ लायब्र्या पालथ्या घातल्या. डहाणूला एक कॅसेट मिळाली. बापलेक शेजाऱ्यांकडे व्हीसीआरसमोर बसले. मुडदे उठले, चालत आले, पंगत मांडायला लागले, आणि पडद्यावर एकदम कुणाच्या तरी खऱ्या लग्नाचं शूटिंग सुरू झालं. कुणा शहाण्याने शेवटची दहा मिनिटं पुसून त्यावर आपल्या बहिणीचं लग्न भरलं होतं. गजानन त्या लग्नातली पंगत शेवटपर्यंत बघत बसला.

म्हणून त्याने लॉजमध्ये अनिकेतला रिळाबद्दल विचारलं. अनिकेतने मान हलवली. निर्मात्याच्या गोदामात पाणी शिरून ते रीळ गेलं होतं. "पण काका, फोटो आहे. सेटवर काढलेला, मोठा. त्यावरूनच आपण तो सीन परत घेणार. दुसरा पिक्चर तिथूनच सुरू होतो. थिजलेले मुडदे हलायला लागतात." फाइलीतून त्याने एक टाइप केलेली यादी काढली. कोण कुठल्या पानावर, काय नेसलेलं, असं सगळं तिच्यात होतं. पहिलं पान, हात वर केलेला पुरुष. दुसरं पान, बाई, जांभळं पातळ.

फोटो कुठे आहे, असं गजाननने विचारलं. तो डायरेक्टरसाहेबांकडे होता आणि साहेब आठ दिवसांनी युनिटबरोबर येणार होते.

ते आठ दिवस गजाननने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. बसला की उठायचा, उठला की काय करायला उठलो ते विसरायचा. खडोलीच्या एका कारखान्याचं रीडिंग त्याने दुसऱ्याच कारखान्याच्या कार्डावर लिहिलं, अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. ऑफिसातल्या साहेबाने बोलावून तब्येत विचारली. जागा शोधायला अनिकेतला तोच स्कूटरवरून हिंडवत होता. रांध्याच्या ज्या रस्त्यावर पंगत बसली होती तिथे आता पत्र्याच्या शेड होत्या, धागा काढणाऱ्या कंपन्यांचे ट्रक उभे होते. अनिकेत फोटोकॉपीवर काढलेला नकाशा उलटासुलटा करून जंगल शोधत राहिला. इथे तेव्हा चार मीटर होते आता चारशे आहेत, असं गजानन म्हणाला आणि त्याला सुरंगीकडे घेऊन गेला. तिथे अजून सागाची झाडं होती आणि कच्चा रस्ता होता.

तीस मुडद्यांपैकी नऊ जण खरोखरच गेले होते, काही बदली होऊन गेले होते. बाकीचे गजाननच्या अंगणात जमा झाले. दुसऱ्या पानाचं काय, असं अनिकेतने विचारलं. तेवढ्यात जुई चहा घेऊन बाहेर आली आणि शैलजाबाईंच्या हातावरचं पीठ बघून हसली. त्या पीठ लावून बघत होत्या, अजून जमतंय का म्हणून. अनिकेत तिच्याकडे बघतच राहिला. सोळा वर्षांची जुई, सुमनचेच दात, हसताना डोळेही तसेच मिटणारे. तो काही बोलायच्या आत शैलजाबाई उठल्या.

"सावे भाऊजी, काय करताय तुम्ही?" त्या म्हणाल्या. "जित्या पोरीला मेलेल्या आईच्या पानावर बसवणार?"

हा विचार गजाननच्या मनात आधीच येऊन गेला होता आणि त्याने तो हाकलला नव्हता.

"मावशी, मला बसू दे," जुई म्हणाली. "आईच्या बाजूला बसल्याचं मला काय आठवत नाय. तिच्या जागेवर तरी बसते."

जांभळ्या पातळाची आजीने गोधडी शिवली होती. एका अंगाचं अस्तर म्हणून अख्खं पातळ घातलं होतं, आणि जुई लहानपणापासून तीच पांघरून झोपायची. तिने दुपारभर बसून एकेक टाका उसवला. पातळ निघालं ते टाक्यांच्या बारीक भोकांनी भरलेलं. मुडद्याला शोभेलसंच आहे, असं ती म्हणाली आणि नेसून आरशासमोर उभी राहिली. गजानन दुसऱ्या खोलीत गेला. तिथे त्याने भिंतीकडे तोंड करून हात वर करून पाहिला. जमत होतं. पाची बोटं अजून तशीच पसरत होती. फोटो येऊ दे, एवढंच त्याच्या मनात होतं. फोटोत ती हसत असेल. फोटोची कॉपी मागून घेऊ, फ्रेम करून जुईच्या टेबलावर ठेवू.

शूटिंगच्या दिवशी सकाळीच सुरंगीला गाड्या लागल्या. डायरेक्टर नवा होता, चाळिशीचा, सारखा घड्याळ बघणारा. जुना केव्हाच वारला होता. पत्रावळी मांडल्या, पिठाचे हात फिरले, गावातले लोक लांब सागाच्या सावलीत बसून सरकारी माणसांचा हा दुसरा वेडेपणा शांतपणे बघू लागले. गजानन तोंडाला राख लावून अनिकेतच्या मागे मागे फिरत होता. शेवटी अनिकेतने फाइलीतून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला.

पहिलं पान गजानन. तरुण, भरल्या गालांचा, तोंड वासलेला. त्याच्या पलीकडे जांभळं पातळ, मांडीवर ठेवलेला एक बांगड्यांचा हात, जरासा पुढे झुकलेला खांदा. आणि खांद्याच्या वर, जिथे चेहरा असायला हवा, तिथे गजाननचा पंजा. पाची बोटं पसरलेली. बोटांच्या फटीतून केसांचा पट्टा दिसत होता, कुंकवाचं एक टोक दिसत होतं. बाकी काही नाही.

गजाननने फोटो जवळ नेला, लांब नेला, उन्हात धरला.

"दुसरा कुठला नाय का?" त्याने विचारलं.

"हा एकच, काका," अनिकेत म्हणाला. "पण काय जबरदस्त आलाय ना हात? मुंबईच्या पोस्टरवर पण हाच होता."

मी काय दिसले नाय. बसच्या खिडकीशी बसून सुमन म्हणाली होती, आणि त्याने तिलाच खोटं पाडलं होतं. टॉकीजमध्ये शेजारी बसून तिने सगळं बघितलं होतं, लोक कशाला हसतायत तेही बघितलं होतं, आणि घरी येऊन चहा टाकला होता. पुढची अडीच वर्षं गाव तिच्या नवऱ्याला बघून तोच हात वर करत होतं. गजाननला पिठाखाली घाम फुटला. अकरा वर्षं आपण हिचं हसू शोधत हिंडलो आणि ते झाकलं होतं आपणच. हे त्याला इतकं लख्ख कळलं की बसायला काहीतरी हवंसं वाटलं. तो आपल्या पानावर जाऊन बसला.

पलीकडे जुई येऊन बसली. तिने बापाकडे बघितलं, पिठातून ओघळलेला घाम बघितला, आणि तिला हसू फुटायला लागलं.

"निळी काच लावा," कुणीतरी ओरडलं. अनिकेत फोटो घेऊन कॅमेऱ्याशेजारी उकिडवा बसला. एकेकाचा हात, मान, खांदा जुळवत आला. "काका, हात."

गजाननने हात छातीपर्यंत नेला आणि थांबला.

"अजून वर, काका. फोटोसारखा."

"खांदा धरलाय," गजानन म्हणाला. "जात नाय वर."

अनिकेत चक्रावला. परवा तर अंगणात करून दाखवला होता, असं त्याने आठवण करून दिली. थोडं तेल चोळू का, दोरीने बांधू का, वरून कुणी धरेल का, त्याने सगळं विचारलं. गजानन मांडी घालून खाली पत्रावळीकडे बघत राहिला. हात काही वर गेला नाही.

डायरेक्टर कॅमेऱ्यामागून उठून आला. त्याने सूर्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं.

"हात नसेल तर नसेल," तो म्हणाला. "चौदा वर्षांपूर्वीचा हात कुणाला आठवतोय? यांना मागच्या पंगतीत घ्या. मुलीला पहिल्या पानावर सरकवा, चेहरा चांगला आहे."

हे मात्र गजाननच्या वर्मी लागलं. गावाने चौदा वर्षं हात वर केला होता आणि मुंबईहून आलेल्या माणसाने तो एका वाक्यात पुसून टाकला. क्षणभर त्याला वाटलं, खांदा सुटला म्हणावं, हात वर करावा, अजून एकदा सगळ्यांना हसवावं. शेजारी जुई वाट बघत होती. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मागच्या पंगतीत, टपालखात्याच्या दांडग्या अशोक भोईरांच्या पाठीमागे जाऊन बसला. तिथून त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. भोईरांची पाठ दिसत होती आणि तिच्या कडेने जांभळ्या पदराचा एक कोपरा.

कॅमेरा सुरू झाला आणि पुढून हसू ऐकू आलं. कट. पुन्हा सुरू झाला, पुन्हा हसू. तिसऱ्यांदा अनिकेत धावत मागे आला आणि मुलीला जरा समजवा, असं म्हणाला.

"हसू द्या तिला," गजानन म्हणाला. "विनोदी पिक्चर आहे."

शैलजाबाई त्याच्या शेजारच्या पानावर होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि पदराने स्वतःच्या डोळ्यांखालचं काजळ पार पुसून टाकलं.

दुसरा भाग पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास सिल्वासाच्याच टॉकीजला लागला. पहिल्यासारखी गर्दी नव्हती. घराघरात केबल आली होती आणि मुडद्यांचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं. गजानन जुईला घेऊन दुपारच्या खेळाला गेला. पिक्चर सुरू झाला तोच पंगतीपासून. थिजलेलं चित्र, निळी रात्र, पत्रावळी. मग पहिल्या पानावरची मुलगी हलली, आणि अख्ख्या भिंतीएवढा चेहरा हसायला लागला. पीठ होतं, राख होती, डोळे मिटलेले होते, जांभळ्या पातळावर टाक्यांची भोकं होती. तीनचार सेकंद असतील. मग मुडदे उठले आणि रस्त्याने धावत सुटले. पुढचा पिक्चर गजाननने बघितला की नाही ते सांगता येणार नाही, पण तो शेवटपर्यंत खुर्चीत होता.

"आई अशी होती का?" बाहेर पडताना जुईने विचारलं.

"अशीच," गजानन म्हणाला.

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "पण पप्पा, तुम्ही कुठे दिसलाच नाय."

"नव्हतोच दिसत," गजानन म्हणाला. "तू बघितलंस ते बराबर आहे."

टॉकीजच्या समोर जुना पानवाला बसला होता. गजाननला बघून त्याने सवयीने पाची बोटं पसरून हात वर केला. गजाननने मान हलवून नमस्कार केला, जुईची छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि दोघं क्वार्टर्सच्या रस्त्याला लागले.